चांदनी चौक: मधली वाट आणि काठची घरं

दिल्लीच्या चांदनी चौकात रस्त्याच्या मधोमध काय असावं, हे दर काही पिढ्यांनी कुणीतरी नव्याने ठरवत आलं आहे. शाहजहानच्या काळात मधून नहर वाहायची. इंग्रजांनी ती बुजवली, चौकाच्या जागी घंटाघर उभं केलं, आणि १९०८ पासून तिथे ट्राम धावू लागली. १९६३ मध्ये ट्राम बंद झाली आणि मोटारी, टेम्पो, स्कूटर, सायकलरिक्षा यांनी रस्ता भरून गेला. २०२१ मध्ये लालसर ग्रॅनाईटची फरसबंदी आली आणि सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारींना बंदी झाली. या रस्त्याचा इतिहास बहुतेक वेळा असाच, मधल्या पट्ट्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो. मला तो अपुरा वाटतो, आणि काही अंशी दिशाभूल करणाराही. मधली जागा नेहमी राज्यकर्त्यांची होती. रस्ता जिवंत ठेवला तो काठच्या लोकांनी: कटऱ्यांतल्या व्यापाऱ्यांनी, कूच्यांतल्या बिऱ्हाडांनी, पल्लेदार हमालांनी आणि ठेलेवाल्यांनी. आज वारसा म्हणून आपण मधला पट्टा सजवतो आहोत आणि काठ ढासळू देतो आहोत. ही चूक का होते, हे कळायला त्या रस्त्याच्या मालकीचा इतिहास पाहावा लागतो.

शाहजहानने १६३९ मध्ये लाल किल्ल्याचं काम सुरू केलं आणि १६४८ मध्ये दरबार आग्र्याहून नव्या शहरात आला. किल्ल्याच्या लाहोरी दरवाज्यापासून पश्चिमेला फतेहपुरी मशिदीपर्यंत जाणारा सरळ रस्ता हा त्या शहराचा कणा. तो सुमारे ४० यार्ड रुंद आणि दीड हजार यार्ड लांब होता. बादशहाची मुलगी जहानआरा हिने १६५० च्या सुमारास या रस्त्यावर एक अष्टकोनी चौक वसवला, त्यात हौद बांधला, उत्तरेला बाग केली आणि प्रवासी व्यापाऱ्यांसाठी मोठी सराई उभारली. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाची मशीद बादशहाच्या बेगमेची, फतेहपुरी बेगमेची. चांदनी चौक हे नाव आरंभी फक्त जहानआराच्या चौकाचं होतं. रस्त्याच्या बाकीच्या तुकड्यांना उर्दू बाजार, जौहरी बाजार, फतेहपुरी बाजार अशी वेगळी नावं होती. सगळ्या रस्त्याला एकच नाव पुष्कळ उशिरा लागलं.

फ्रेंच प्रवासी बर्निए याने ही दिल्ली पाहिली. जहानआराची सराई त्याला इतकी आवडली की पॅरिसमध्येही असं काही हवं, असं त्याला वाटलं. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की ही सगळी योजना पहिल्या दिवसापासून व्यापारासाठी होती. दुतर्फा कमानींची दुकानं, मागे वखारी, वर व्यापाऱ्यांची घरं. आज "व्यापाराने चांदनी चौकाचा नाश केला" असं जे हळहळून म्हटलं जातं, त्याला या आरंभाचा आधार नाही. बाजार हाच या रस्त्याचा जन्महेतू होता. दुकानांच्या रांगेमागे एका आवाराभोवती एकाच धंद्याचे किंवा एकाच जमातीचे लोक राहत, तो कटरा. घरांची गल्ली, बहुधा एका बाजूने बंद होणारी, तो कूचा. कटरा नील, दरीबा कलां, किनारी बाजार, बल्लीमारान ही नावं आजही पाट्यांवर आहेत. बल्लीमारानमधल्या गली कासिम जानमध्ये गालिब राहत असे. किनारी बाजारातून आत शिरलं की नौघरा लागतं. जैन कुटुंबांची नऊ घरं एका अरुंद गल्लीत एकमेकांना टेकून उभी आहेत आणि त्यांच्या दारांवरचं रंगीत नक्षीकाम अजून टिकून आहे.

मधला रस्ता मात्र दाखवण्यासाठी होता. बादशहाची स्वारी तिथून निघे आणि शहराला सत्ता कोणाची ते दिसे. सत्ता बदलली की त्याच वाटेवरून तेही दाखवलं जाई. १६५९ मध्ये औरंगजेबाने पकडून आणलेल्या दारा शुकोहला मळक्या कपड्यांत, एका खराब हत्तीणीवर बसवून याच रस्त्याने फिरवलं. बर्निए त्या गर्दीत होता. लोक रडत होते, पण कुणी पुढे झालं नाही. नंतर दाराला दगा देऊन पकडून देणारा मलिक जीवन शहरात दिसला, तेव्हा मात्र त्याच्यावर दगड, माती आणि घाण पडली. गच्च्यांवरूनही पडली. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. सत्तेने मध्यावर मांडलेल्या देखाव्याला काठावरून उत्तर आलं होतं, आणि असं उत्तर या रस्त्याने पुढे अनेकदा दिलं.

१६७५ मध्ये गुरू तेगबहादुरांचा शिरच्छेद कोतवालीजवळ झाला. १७३९ च्या मार्चमध्ये नादिरशाह याच रस्त्यावरच्या सुनहरी मशिदीत बसला आणि तिथून त्याने कत्तलीचा हुकूम दिला. एका दिवसात हजारो माणसं मारली गेली. १८५७ मध्ये इंग्रज अधिकारी हॉडसनने मारलेल्या मुघल शाहजाद्यांची प्रेतं कोतवालीसमोर टाकून ठेवली होती, आणि त्यानंतर कित्येक आठवडे तिथे फाशीचे खांब उभे होते. २३ डिसेंबर १९१२ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग हत्तीवरून नव्या राजधानीत प्रवेश करत होता. इंग्रजांनी मुघलांचीच वाट आणि मुघलांचंच वाहन उचललं होतं. या वेळी काठावरून बॉम्ब आला. रासबिहारी बोस आणि बसंतकुमार बिस्वास यांच्या गटाने टाकलेल्या त्या बॉम्बने हार्डिंग जबर जखमी झाला. ३० मार्च १९१९ ला रौलट कायद्याविरुद्ध हरताळ असताना घंटाघराजवळ स्वामी श्रद्धानंदांनी गुरखा शिपायांच्या संगिनींसमोर छाती उघडी केली. टाऊन हॉलसमोर पूर्वी व्हिक्टोरिया राणीचा पुतळा होता. आज तिथे श्रद्धानंदांचा आहे.

इथे मराठी वाचकाने थोडं थांबावं, कारण या रस्त्याशी आपला थेट संबंध आहे आणि आपण तो अर्धाच सांगतो. १७५७ मध्ये रघुनाथरावांच्या फौजा दिल्लीत आल्या. १७६० च्या ऑगस्टमध्ये भाऊसाहेबांनी शहर घेतलं आणि फौजेचा पगार भागवण्यासाठी दिवाण-इ-खासच्या छताची चांदी काढून वितळवली. १७७२ मध्ये महादजी शिंद्यांनी शाह आलमला तख्तावर परत आणलं. १७८४ मध्ये वकील-इ-मुतलक हे पद पेशव्यांच्या नावे आणि कारभार महादजींच्या हाती आला. १७८८ मध्ये गुलाम कादिरने बादशहाचे डोळे काढले, त्यानंतर महादजींच्या फौजांनी किल्ला घेतला आणि ११ सप्टेंबर १८०३ ला पटपडगंजच्या लढाईत लॉर्ड लेकने हरवेपर्यंत दिल्लीत शिंद्यांचा अंमल होता. हा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. तो खरा आहे आणि अभिमानास पात्रही आहे.

पण चांदनी चौकाला त्या अंमलातून काय मिळालं? एक मंदिर मिळालं. लाल जैन मंदिराच्या शेजारचं गौरीशंकर मंदिर अप्पा गंगाधर या मराठी माणसाने बांधलं अशी परंपरा आहे. साल १७६१ सांगतात, म्हणजे पानिपतचंच. दुसरं ठळक काही सापडत नाही. शाहजहानच्या काळात दुरुस्त करून दिल्लीपर्यंत आणलेला कालवा, म्हणजे या रस्त्याच्या मधून वाहणारं पाणी, अठराव्या शतकाच्या मध्याला आटला आणि पुढे कोरडाच राहिला. तो कंपनी सरकारने १८२० मध्ये पुन्हा सुरू केला. त्या कोरड्या वर्षांतला मोठा काळ दिल्लीवर आपली सत्ता होती. अब्दालीच्या स्वाऱ्या, जाट आणि रोहिल्यांची युद्धं, कालव्याचं मूळ दूर उत्तरेला, हे सगळं खरं. शंभर मैलांवरचं पाणी आणायला मुलखात शांतता लागते आणि ती नव्हती, हेही खरं. तरी पंधरा वर्षांच्या सलग अंमलात शहराच्या पाण्याकडे लक्ष गेलं नाही, ही उणीव आपली आहे. हिंगण्यांसारखे पेशव्यांचे वकील दिल्लीत वर्षानुवर्षं राहिले आणि त्यांची पत्रं मुख्यतः दरबार, वजीर, खंडणी आणि फौजेचं देणं यांची आहेत. आपल्याला दिल्ली म्हणजे किल्ला वाटला. किल्ल्याच्या दरवाज्यासमोर सुरू होणारा रस्ता आपल्या हिशेबात आला नाही.

याच काळातली शिखांची गोष्ट वेगळी आहे. १७८३ मध्ये बघेलसिंग काही महिनेच दिल्लीत राहिला. त्याने बादशहाकडून जकातीच्या उत्पन्नात वाटा मागून घेतला आणि त्या पैशातून गुरूंशी संबंधित जागा शोधून गुरुद्वारे बांधले. शीशगंज त्यातलाच. आज चांदनी चौकात रात्रंदिवस अखंड वर्दळ असलेली कुठली वास्तू असेल तर ती शीशगंज आहे आणि तिथे रोज लंगर चालतो. जुनी कोतवालीही आता गुरुद्वाऱ्याकडे आली आहे. बघेलसिंगाने किल्ला मागितला नाही. त्याने रस्त्यावर जागा मागितली, आणि ती टिकली.

आता मालकीकडे येऊ, कारण माझ्या मते या रस्त्याची खरी उलथापालथ दोनदा झाली आणि दोन्ही वेळा ती घरांच्या मालकीत झाली.

पहिली १८५७ नंतर. सप्टेंबरात शहर पडल्यावर इंग्रजांनी रहिवाशांना तटाबाहेर हाकललं. हिंदूंना काही महिन्यांनी परत येऊ दिलं, मुसलमानांना त्याहून बराच काळ मज्जाव होता. घरं जप्त झाली, लिलावात निघाली आणि ज्यांच्याकडे रोकड होती त्या सावकारांनी घेतली. फतेहपुरी मशीदसुद्धा विकली गेली. ती घेतली लाला छुन्नामल यांनी, ज्यांची प्रचंड हवेली आजही कटरा नीलच्या तोंडाशी रस्त्यावर उभी आहे. १८७७ च्या दरबाराच्या वेळी सरकारने मोबदला देऊन मशीद मुसलमानांना परत केली. किल्ल्यासमोरची वस्ती तोफांना मोकळं मैदान मिळावं म्हणून पाडली. त्यात उर्दू बाजार गेला. म्हणूनच आज रस्ता किल्ल्याच्या दारापासून सुरू न होता लाल मंदिरापासून सुरू होतो. जहानआराची सराई पाडून तिथे टाऊन हॉल झाला, आणि तिच्या बागेला राणीचं नाव मिळालं. रेल्वेने उत्तरेकडचा भाग कापला. गालिबची त्या काळातली पत्रं ज्यांनी वाचली आहेत त्यांना ठाऊक आहे की ढासळलेल्या इमारतींपेक्षा ओळखीच्या माणसांची रिकामी घरं त्याला जास्त सलत होती.

दुसरी उलथापालथ १९४७ ची. हजारो मुसलमान कुटुंबं गेली, पंजाबातून निर्वासित आले. गेलेल्यांच्या हवेल्या आणि कटरे निष्क्रांत मालमत्ता म्हणून सरकारकडे आले. एका कुटुंबाच्या हवेलीत दहा-पंधरा बिऱ्हाडं राहू लागली. आलेल्यांना पोट भरायचं होतं, म्हणून खालच्या खोलीत दुकान, वर वस्ती, चौकात गोदाम अशी रचना झाली. चांदनी चौक घाऊक व्यापाराचं केंद्र झाला तो बराचसा याच लोकांच्या कष्टाने. बेगम समरूची कोठी, जी एकेकाळी बँक होती, आज भागीरथ पॅलेस म्हणून ओळखली जाते आणि तिच्या भोवती विजेच्या सामानाचा मोठा बाजार आहे. जुनी दिल्ली बिघडवल्याचा ठपका निर्वासितांवर ठेवणारे लोक मला भेटतात. त्यांनी आधी सांगावं की त्या माणसांनी १९४८ मध्ये नेमकं काय करायला हवं होतं.

घरं ढासळली ती निर्वासितांमुळे नव्हे. त्यांना दोन कायद्यांनी ढासळू दिलं. १९५६ च्या झोपडपट्टी कायद्याने तटबंदीतलं शहर झोपडपट्टी क्षेत्रात धरलं, आणि १९५८ च्या दिल्ली भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठवली व भाडेकरूला काढणं जवळजवळ अशक्य केलं. त्या वेळी हेतू योग्य होता. उघड्यावर पडलेल्या माणसांना संरक्षण हवंच होतं. पण पन्नास-साठ वर्षांत त्याचं काय झालं ते कुठल्याही कटऱ्यात शिरलं की दिसतं. मालकाला येणारं भाडं गळतं छप्पर बदलायलाही पुरत नाही, म्हणून तो दुरुस्ती करत नाही. घर भाडेकरूचं नाही, म्हणून तोही करत नाही. जागा हातोहात जाते ती पगडीवर, आणि पगडीतला थोडासाच वाटा इमारतीच्या वाट्याला येतो. मालकाच्या तिसऱ्या पिढीत वारसदार वीस-पंचवीस होतात आणि एका कागदावर सगळ्यांच्या सह्या होत नाहीत. राहणारी कुटुंबं कंटाळून यमुनापार किंवा रोहिणीला जातात, त्यांच्या खोल्यांत माल भरला जातो. लाकडी तुळयांवर मालाचं ओझं वाढतं. महापालिकेच्या यादीत ती हवेली वारसा इमारत असेल तर ती पाडता येत नाही, मग पडायची वाट पाहणं एवढंच मालकाच्या हाती उरतं.

१९८८ मध्ये भाडे कायद्यात दुरुस्ती झाली. महिना ३,५०० रुपयांपेक्षा जास्त भाड्याच्या जागा कायद्यातून वगळल्या आणि बाकीच्यांना तीन वर्षांनी १० टक्के वाढीची मुभा दिली. भाडंच मुळात नगण्य असेल तर त्याच्या १० टक्क्यांत पलस्तरही होत नाही. १९९५ मध्ये संसदेने नवा दिल्ली भाडे कायदा मंजूर केला, राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. व्यापाऱ्यांनी प्रचंड विरोध केला आणि सरकारांनी तो लागू करण्याची अधिसूचनाच काढली नाही. तो कागदावरच राहिला. चांदनी चौकाच्या अलीकडच्या इतिहासातली ही सर्वांत निर्णायक घटना आहे असं मी मानतो, आणि रस्त्यावर तिची खूण शोधायची गरज नाही. तडे गेलेली प्रत्येक भिंत ती दाखवते.

मुंबईच्या चाळी आणि पुण्याच्या पेठांतले वाडे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. आपल्याकडे १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने १९४० च्या पातळीवर भाडी बांधली होती. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात असं गोठवणं आता अवाजवी ठरलं आहे असा निर्णय दिला, आणि १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आला. त्या कायद्यात एक तरतूद मला फार महत्त्वाची वाटते: बँका, सार्वजनिक उपक्रम आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्या यांना भाड्याचं संरक्षण नाही. दोन खोल्यांत राहणारं कुटुंब आणि बँकेची शाखा एकाच मापाने मोजू नये, एवढी साधी न्यायबुद्धी त्यात आहे. शिवाय मुंबईत १९६९ पासून जुन्या इमारतींवर दुरुस्ती उपकर आहे आणि त्यासाठी मंडळ आहे. त्या मंडळाच्या कामाबद्दल तक्रारी पुष्कळ आहेत आणि त्या बऱ्याच रास्त आहेत. तरी तत्त्व योग्य आहे: इमारत टिकवण्याचा खर्च कुणीतरी नियमित भरला पाहिजे आणि तो कुठे गेला हे विचारता आलं पाहिजे.

चांदनी चौकासाठी याच धर्तीवर विचार व्हायला हवा. राहत्या घरांना संरक्षण ठेवा. घाऊक दुकानांचं आणि गोदामांचं भाडं टप्प्याटप्प्याने बाजारभावाला आणा, पण वाढीचा ठरावीक हिस्सा त्याच इमारतीच्या दुरुस्तीसाठी बांधून ठेवा. सरकारच्या ताब्यातल्या निष्क्रांत कटऱ्यांपासून सुरुवात करा, कारण तिथे मालक स्वतः सरकार आहे आणि सबबीला जागा नाही. ज्वलनशील माल जुन्या घरांतून बाहेर काढा. नोव्हेंबर २०२२ मध्ये भागीरथ पॅलेसच्या बाजारात लागलेली आग पूर्ण विझवायला कित्येक दिवस लागले, कारण गल्ल्यांत बंब शिरत नव्हते आणि इमारती एकेक करून खचत होत्या. कुणी म्हणेल, भाडी वाढली तर छोटा दुकानदार मरेल. ही भीती खोटी नाही. म्हणूनच वाढ टप्प्यांनी आणि उलाढालीप्रमाणे हवी. मात्र ज्या छपराखाली दुकान आहे ते पडलं तर छोटा दुकानदार आधी मरतो, हेही त्याच न्यायाने मान्य करायला हवं.

यापैकी काहीच न होता मधल्या पट्ट्याचं काम झालं. लाल मंदिर ते फतेहपुरी हा सुमारे सव्वा किलोमीटरचा तुकडा, वास्तुरचनाकार प्रदीप सचदेवा यांचा आराखडा, २०१८ च्या अखेरीस कामाला आरंभ, सप्टेंबर २०२१ मध्ये उद्घाटन. लोंबणाऱ्या विजेच्या तारा जमिनीखाली गेल्या, पदपथ रुंद झाले, बाकं आली. ज्याने आधीचा धूर आणि कर्णे सोसले आहेत तो या बदलाला नावं ठेवणार नाही, मीही ठेवत नाही. दिवसा तिथे म्हातारी माणसं आणि लहान मुलं निर्धास्त चालतात, हे मोठं काम आहे.

पण या कामात कुणाला जागा मिळाली आणि कुणाला नाही, हे पाहा. २००६ मध्ये महापालिकेने चांदनी चौकात सायकलरिक्षांवर बंदी घातली होती. कारण सांगितलं गेलं वाहतूक कोंडीचं, आणि मोटारी चालू राहिल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये मानुषी संघटनेच्या खटल्यात शहरातल्या सायकलरिक्षांच्या परवान्यांवरची मर्यादा रद्द केली आणि रस्त्यावर रिक्षावाल्याचाही हक्क आहे हे मान्य केलं. पुढे त्याच रस्त्यावर दिवसा चालू ठेवायला योग्य वाहन म्हणून सायकलरिक्षाच निवडली गेली. ज्या माणसाला अडथळा म्हणून हाकललं, तोच पंधरा वर्षांत उपाय ठरला. नियोजन करणाऱ्यांनी या उदाहरणावरून काठच्या माणसांचं म्हणणं आधी ऐकायला शिकावं अशी माझी अपेक्षा होती. फेरीवाल्यांच्या बाबतीत ती पुरी झाली नाही. २०१४ च्या कायद्याने फेरीवाल्यांची पाहणी, नगर विक्रेता समिती आणि पर्यायी जागा ही प्रक्रिया सांगितली आहे. इथे मात्र सुशोभित पट्टा ना-फेरीवाला क्षेत्र ठरला आणि न्यायालयाच्या आदेशांनुसार पथारीवाल्यांना हटवण्याच्या मोहिमा निघाल्या. पल्लेदारांच्या पाठीवरच्या गाठोड्यांना आणि हातठेल्यांना कुठे थांबायचं, माल कुठे उतरवायचा, याची सोय आराखड्यात दुय्यम राहिली. मधल्या जागेत विजेचे ट्रान्सफॉर्मर उभे राहिले. ज्या बाजाराचं अर्धं काम माणसाच्या पाठीवर चालतं, त्याच्या रस्त्यात पाठीला टेकायची जागा नसेल तर तो आराखडा पुन्हा बघायला हवा.

वारसा जपणाऱ्या लोकांशी माझा मतभेद इथेच आहे. त्यांना मुघल दिल्लीचा चेहरा परत हवा आहे, म्हणून लाल दगड, कमानी, नहरीची आठवण. जहानआराच्या योजनेत नहर होती तशी सराईही होती, म्हणजे दूरच्या व्यापाऱ्याला उतरायला, माल ठेवायला सुरक्षित जागा होती. नहरीची आठवण सगळ्यांना आहे, सराईची कुणाला नाही. सराईच्या जागी उभा राहिलेला टाऊन हॉल महापालिका मिंटो रोडवरच्या नव्या इमारतीत गेल्यापासून बहुतेक रिकामा पडला आहे. तिथे आलिशान हॉटेल किंवा संग्रहालय करायच्या कल्पना निघत राहतात. मला विचाराल तर तिथे पल्लेदार आणि बेघर मजुरांसाठी रात्रनिवारा, व्यापाऱ्यांसाठी माल उतरवायची सामायिक व्यवस्था आणि हवेल्यांच्या दुरुस्तीचं तांत्रिक मदत केंद्र व्हावं. जहानआराच्या मूळ हेतूला तेच सर्वांत जवळचं ठरेल.

२०१५ मध्ये इथलं घंटेवाला हलवाई हे १७९० पासून चालत आलेलं दुकान बंद झालं तेव्हा देशभरच्या वर्तमानपत्रांत लेख आले. २०२४ मध्ये ते पुन्हा उघडलं, त्याचाही आनंद झाला. त्याच काळात मागच्या कूच्यांतून किती कुटुंबं निघून गेली, किती हवेल्यांचे सज्जे पडले, याची नोंद कुणी ठेवली नाही. एखादं नामांकित दुकान गेलं की रस्ता गेला असं आपल्याला वाटतं. रस्ता त्याआधीच, मागच्या दारांनी, हळूहळू जात असतो.

हे फक्त दिल्लीचं नाही. नाशिकचा पंचवटीचा भाग असो, पुण्यातली कसबा पेठ असो, पणजीचं फोंतेनास असो, जुन्या रस्त्यांच्या सुशोभीकरणाच्या योजना आता गावोगाव निघत आहेत. आपल्या गावात अशी योजना येईल तेव्हा वॉर्डाच्या सभेला जा आणि चार गोष्टी लेखी मागा. काठच्या घरांच्या दुरुस्तीसाठी किती रक्कम ठेवली आहे? भाडेकरूंची आणि मालकांची यादी झाली आहे का? राहणारं एक कुटुंबही या कामामुळे जाणार नाही याची हमी कोण देतं? हातगाडी आणि पथारीवाल्याला कुठे जागा दिली आहे? याची उत्तरं कागदावर मिळेपर्यंत मधला एकही दगड बसवायला संमती देऊ नका.